वर्ध्याची खासदारकी आणि आपण : १८ निवडणुका, १२ खासदार, आपला एकही नाही



निवडणूक जवळ आली की वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीत एकच दृश्य दिसते. गाड्यांचा ताफा येतो, उमेदवार बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो, विहारात पाच मिनिटे मांडी घालून बसतो आणि "संविधान वाचवायचे आहे" असे सांगून पुढच्या गावाला निघतो. आम्ही टाळ्या वाजवतो, मत देतो आणि पाच वर्षे वाट पाहतो. यात नवीन काही नाही. पण ही सवय किती जुनी आहे आणि तिची किंमत आपण किती पिढ्या मोजतो आहोत, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे. म्हणून आज वर्ध्याच्या खासदारकीचा हिशेब मांडतो.

१९५२ पासून २०२४ पर्यंत वर्धा मतदारसंघाने लोकसभेच्या १८ सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या. त्यातून १२ माणसे दिल्लीला गेली. काँग्रेस १२ वेळा जिंकली, भाजप ४ वेळा, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष एकदा आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार पक्ष एकदा. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, रिपब्लिकन पक्ष, बसपा, वंचित या सगळ्यांची बेरीज शून्य. १२ जणांत बाई एकच, प्रभा राव. आंबेडकरी चळवळीतून आलेली व्यक्ती एकही नाही.

आणि हा जिल्हा काही आपल्या वस्तीचा तुटवडा असलेला नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. त्यात अनुसूचित जाती सुमारे साडेचौदा टक्के आणि अनुसूचित जमाती सुमारे साडेअकरा टक्के. म्हणजे चार माणसांत एक माणूस दलित किंवा आदिवासी. महाराष्ट्राची सरासरी पाहिली तर अनुसूचित जाती पावणेबारा टक्क्यांच्या आसपास आहेत. सरासरीपेक्षा जास्त असूनही आपण मोजणीत आहोत आणि प्रतिनिधित्वात नाही. हे कसे घडले?

पहिला खासदार आणि त्याची राज्यघटना

सुरुवात सुरुवातीपासून करू. १९५२ ला वर्धा मध्य प्रदेशात होता. पहिले खासदार झाले श्रीमन् नारायण अग्रवाल. वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य, गांधीजींचे अनुयायी आणि जमनालाल बजाज यांचे जावई. १९५७ ला त्यांच्या जागी जमनालालजींचे चिरंजीव कमलनयन बजाज आले आणि १९६२, १९६७ अशा एकूण तीन निवडणुका जिंकले. म्हणजे १९५२ ते १९७१, सलग १९ वर्षे, वर्ध्याची खासदारकी आधी जावयाकडे आणि मग मुलाकडे होती. आज घराणेशाहीवर भाषणे देणाऱ्यांनी हे पान कधी उघडून पाहिले आहे का?

जमनालालजींचे श्रेय आम्ही नाकारत नाही. १९२८ ला त्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. त्या काळात ते धाडसाचेच होते. पण मंदिराचे दार उघडणे वेगळे आणि सत्तेचे दार उघडणे वेगळे. पहिल्यात देणारा मोठा होतो, दुसऱ्यात घेणारा मोठा होतो. बाबासाहेबांचे सगळे भांडण याच फरकासाठी होते.

श्रीमन् नारायण यांच्याबद्दल एक गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. १९४६ साली त्यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा पुस्तकरूपाने छापला. त्याला प्रस्तावना खुद्द गांधीजींची. त्या आराखड्याचा पाया होता ग्रामपंचायत. गावातल्या प्रौढांनी पंचायत निवडायची, पंचायतींनी तालुक्याची, तालुक्यांनी जिल्ह्याची, मग प्रांताची आणि शेवटी देशाची पंचायत. म्हणजे देशाच्या कायदेमंडळासाठी तुमच्या-आमच्या आजोबाचे थेट मत नाही. त्याचे मत गावाच्या वेशीपर्यंतच.

आता १९४६ चे एखादे खेडे डोळ्यांपुढे आणा. पाटील, मालगुजार, सावकार एका बाजूला आणि वेशीबाहेरचा महारवाडा दुसऱ्या बाजूला. त्या गावाची पंचायत कोणाची झाली असती? आणि तिच्यातून चाळण लागत लागत दिल्लीला कोण पोचले असते?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना या ग्रामराज्याच्या कल्पनेवर जो घाव घातला, तो यासाठीच. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे डबके आहे हे त्यांनी सभागृहात स्पष्ट सांगितले आणि घटनेचा घटक म्हणून गाव न घेता व्यक्ती घेतली. प्रत्येक प्रौढाला थेट मत दिले. मग झाले काय? वर्ध्यात बसून थेट मताशिवायची घटना लिहिणारे गृहस्थ, बाबासाहेबांच्या घटनेने दिलेल्या थेट मतावर लोकसभेत गेले. त्या मतांत शेकडो वस्त्यांतली आपली मतेही होती. "संविधान आम्ही वाचवतो" असे सांगायला येणाऱ्यांना हा इतिहास विनम्रपणे ऐकवावा.

राखीव जागा नाही म्हणून आपण नाही?

आपल्यातले बरेच जण सोपे उत्तर देतात. वर्धा लोकसभा कधी राखीव झाली नाही, म्हणून आपला माणूस गेला नाही. यात अर्धे सत्य आहे. आजही वर्धा लोकसभेतल्या सहा विधानसभांपैकी, म्हणजे आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे व मोर्शी, यांपैकी एकही राखीव नाही. शेजारी अमरावती आणि रामटेक लोकसभा २००८ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहेत. उमरेड, दर्यापूर, भंडारा, चंद्रपूर, उमरखेड या विधानसभा राखीव आहेत. चारी बाजूंना राखीव आणि मधला वर्धा कोरडा.

पण उरलेले अर्धे सत्य कडू आहे. राखीव जागा म्हणजे आपला प्रतिनिधी, असे समीकरण बाबासाहेबांनी कधीच मांडले नाही. उलट १९३२ चा सगळा लढा त्याविरुद्ध होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा आणि शिवाय सर्वसाधारण जागेवरही मत द्यायचे. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. जागा वाढून १४८ झाल्या, त्यातल्या २० आपल्या मध्य प्रांताला. पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. राहिली ती फक्त प्राथमिक फेरी. तिच्यात अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यातला एक सगळ्यांनी मिळून.

चारांतला कोण निवडून येणार? अर्थातच जो वरच्यांना चालतो तो. १९४६ च्या निवडणुकीत अनेक ठिकाणी हेच दिसले. आपल्या लोकांनी फेडरेशनला पुढे केले आणि अंतिम मतदानात काँग्रेसचा हरिजन उमेदवार जिंकला. म्हणूनच त्या साली पुण्यात आणि नागपुरात पुणे कराराच्या निषेधाचे सत्याग्रह झाले आणि आपली माणसे तुरुंगात गेली. पुढे प्राथमिक फेरीही गेली. घटनेतले कलम ३३० आणि ३३२ राखीव जागा देते, पण मतदार संयुक्त. स्वतः बाबासाहेब १९५४ ला भंडाऱ्याच्या राखीव जागेवर पोटनिवडणूक हरले, आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी. वर्ध्यापासून भंडारा किती लांब आहे? घटनेचा शिल्पकार राखीव जागेवर हरतो आणि ज्याचे नाव आज कोणाला आठवत नाही तो काँग्रेसचा उमेदवार जिंकतो, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? कांशीरामजींनी पुणे कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी चमचा युगावरचे पुस्तक प्रसिद्ध केले, ते उगाच नव्हे.

तेव्हा राखीव जागा मागूच, तो आपला हक्क आहे. पण ती मिळाली म्हणजे काम संपले असे समजणारा कार्यकर्ता पुणे करार समजलेलाच नाही.

सर्वसाधारण जागेवरही जिंकता येते

दुसरे सोपे उत्तर असे, की खुल्या जागेवर आपण जिंकूच शकत नाही, म्हणून ज्याला हरवायचे त्याच्या विरोधातल्या मोठ्या पक्षाला मत टाका. हेही तपासू.

१९९८ साली महाराष्ट्रातून रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार एकाच वेळी लोकसभेत गेले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा सर्वसाधारण होत्या, तीन आपल्या विदर्भातल्या. अमरावती आणि चिमूर तर वर्ध्याला लागून. काँग्रेसशी समझोता झाला, नेते एकत्र आले आणि दोन्हीकडची मते एकमेकांना पडली. त्याच वर्षी वर्ध्यात दत्ता मेघे काँग्रेसकडून निवडून आले, त्यात आपलीही मते होती. म्हणजे देवाणघेवाण बरोबरीची झाली तर खुली जागा अशक्य नाही, हे आपल्याच भूमीत सिद्ध झाले आहे.

मग पुढे काय झाले? १३ महिन्यांत सरकार एका मताने पडले आणि १९९९ ला आपण पुन्हा वेगवेगळ्या दारांत उभे होतो. चारांचे दोन झाले. हा दोष काँग्रेसचा किती, भाजपचा किती आणि आपला किती? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, मोठा वाटा आपला आहे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरून दादासाहेब गायकवाडांसारखी माणसे आपण लोकसभेत पाठवली. १९६२ ला रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार आले, पण तिन्ही उत्तर प्रदेशातून. ज्या महाराष्ट्रात पक्ष जन्मला, ज्या नागपुरात ३ ऑक्टोबर १९५७ ला त्याची स्थापना झाली, तिथून एकही नाही. गटागटाच्या भांडणाने आपली ताकद कशी विरघळली, हे सांगायला बाहेरचा शत्रू लागत नाही.

वर्ध्याचे स्वतःचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९५२ पासून १९८९ पर्यंत वर्ध्यात सलग नऊ वेळा काँग्रेस जिंकली. १९७७ ला खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हाही वर्धा काँग्रेसकडेच राहिला. १९८० पासून वसंत साठे खासदार होते. केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री, देशात रंगीत टीव्ही आणणारे म्हणून ओळखले जाणारे बडे नाव. आणि १९९१ ला याच साठेंना मार्क्सवादी पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी हरवले. ज्या पक्षाचे महाराष्ट्रात बळ थोडे, पैसा थोडा, त्याने शेतकरी आणि शेतमजुरांच्या कामातून तयार झालेल्या माणसाच्या बळावर ही जागा घेतली.

या शेतमजुरांत आपली किती माणसे असतील? विचार करा. त्यांच्या घामावर लाल झेंडा दिल्लीला जाऊ शकतो तर निळा का जाऊ शकला नाही? कारण आपण वर्षातून तीन दिवस मैदानात उतरलो, १४ एप्रिलला, विजयादशमीला आणि ६ डिसेंबरला. कापसाच्या भावासाठी, मजुरीसाठी, गायरानाच्या पट्ट्यासाठी आपण उरलेल्या दिवसांत कुठे होतो? दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवा. लोकसभेत महाराष्ट्रातून आलेला पक्षाचा एकही खासदार नसताना तुरुंग भरले आणि सरकारला बोलणी करावी लागली. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची मागणीही होती. चित्र लागायला १९९० उजाडले, पण मागणी रस्त्यावरून गेली होती.

आजची घराणी

१९९१ नंतर वर्धा सतत पक्ष बदलत आला. विजय मुडे, दत्ता मेघे, प्रभा राव, सुरेश वाघमारे, पुन्हा मेघे, मग दोनदा रामदास तडस. पक्ष बदलले, पण उमेदवारीची चावी बदलली नाही. २०१४ ला काँग्रेसची उमेदवारी दत्ता मेघेंच्या मुलाला, २०१९ ला प्रभा रावांच्या मुलीला. २०२४ ला वर्ध्यात काँग्रेसचा उमेदवारच नव्हता, जागा शरद पवारांच्या पक्षाला गेली आणि माजी आमदारांचे चिरंजीव अमर काळे सुमारे ८१ हजार मतांनी जिंकले. "संविधान धोक्यात आहे" या एका वाक्यावर आपल्या वस्त्यांनी भरभरून मतदान केले. आमचाही त्या मतदानाला विरोध नव्हता. प्रश्न असा, की त्या मताच्या बदल्यात आपण काय मागून घेतले?

सहा महिन्यांनी विधानसभा आली. आर्वीची उमेदवारी खासदारांच्याच घरात गेली. आणि जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपने जिंकल्या. जो मतदार एप्रिल महिन्यात संविधानासाठी उभा होता, तो नोव्हेंबरमध्ये कुठे गेला? संविधान ही फक्त घोषणा राहिली तर ती एकाच निवडणुकीला पुरते. ज्या बहुजन कुणबी-तेली समाजाभोवती इथले उमेदवारीचे गणित फिरते, त्या ओबीसी बांधवाला कलम ३४० कोणी लिहिले हे आपण कधी त्याच्या ओसरीवर बसून सांगितले आहे का? त्याला शत्रू समजून किंवा फक्त मतापुरता मित्र समजून वर्ध्याची जागा कधीही आपली होणार नाही.

खासदार आपल्यातला नसेल तर काय बिघडते, असे काही शहाणे विचारतात. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. मेलेल्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. रोजीसाठी बॉम्बच्या पेट्या उचलणारा माणूस कोणत्या घरातून येतो हे वर्ध्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्या घराची भूक ज्याने पाहिली आहे, तो संसदेत उभा राहून विचारतो तो प्रश्न आणि सहानुभूती म्हणून विचारलेला प्रश्न, यात फरक असतो. १९१९ ला साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हेच मांडले होते. केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचेही प्रतिनिधित्व हवे.

येणारी फेररचना : झोपून राहिलो तर पुन्हा बाहेर

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. म्हणजे त्यानंतर मतदारसंघांची फेररचना दारात आहे. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने दिलेले महिलांचे एक तृतीयांश आरक्षणही फेररचनेलाच बांधले आहे आणि ते राखीव जागांच्या आतही लागू होणार आहे. राखीव जागांची मुदत सध्या २०३० पर्यंत आहे.

मागच्या फेररचनेत काय झाले ते पाहा. २००८ ला विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, लोकसभेच्या ११ वरून १०. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम पाच टक्क्यांनी वाढली, राज्याची १६ टक्क्यांनी. इथला तरुण कामासाठी पुणे-मुंबईला जातो, तिथे मोजला जातो आणि तिथली जागा वाढते. खेड्याचा आवाज घटतो. ज्यांचा आवाज आधीच बारीक, त्यांचा आधी घटतो.

फेररचनेचा २००२ चा कायदा सांगतो, की अनुसूचित जातीच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत वाटायच्या आणि शक्यतो जिथे त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त आहे तिथे ठेवायच्या. आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. आयोगासोबत सहयोगी सदस्य म्हणून खासदार-आमदार बसतात. त्यांना मत नसते, पण कानाशी बोलायला तेच असतात. तिथे आपला कोणी नाही. म्हणून आपले काम कागदाचे आणि गावाचे, दोन्ही आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिले, जनगणनेत प्रत्येक वस्तीतली नोंद तपासा. बाहेरगावी गेलेला, भाड्याने राहणारा, कोणी सुटता कामा नये. जात-धर्माच्या रकान्यात काय लिहिले ते वाचल्याशिवाय माणूस पुढे जाऊ देऊ नका. दुसरे, तालुकानिहाय आकडे काढून हरकतीचे अर्ज आत्तापासून तयार ठेवा. वकील आणि शिकलेली पोरे यासाठीच आहेत. तिसरे, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथे लढा. जिथे आपला सरपंच टिकत नाही तिथे खासदार आकाशातून पडणार नाही. चौथे, ज्याला मत द्याल त्याच्याशी लेखी अटींवर बोला आणि त्या अटींत निळ्या झेंड्याची एक तरी जागा असू द्या. आणि पाचवे, आपल्या बायकांना फक्त खिरीच्या पातेल्याशी उभे करू नका. उद्या महिलांची जागा येईल तेव्हा कोणाची तरी सून उमेदवार होईल आणि आपली रमाई पुन्हा मिरवणुकीतच राहील.

७२ वर्षांचा हिशेब आम्ही मांडला. यात काही चुकले असेल तर सांगा, पण "आपल्याने होत नाही" हे सांगू नका. अमरावती, अकोला, चिमूरने ते खोटे ठरवले आहे. सेवाग्रामच्या झोपडीला नमस्कार करून दिल्लीला जाणारे वर्ध्याने भरपूर पाहिले. आता विहारातून निघून दिल्लीला पोचणारा एक तरी पाठवू या. त्याची तयारी पुढच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री करायची नाही, उद्याच्या बैठकीत करायची आहे.

जय भीम! जय संविधान!